सूर्यास्तानंतरचे काम

गेल्या दिवाळीची गोष्ट. माझा भाचा पुण्याहून धनत्रयोदशीच्या रात्री आला. नागपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे सौंसरमार्गे बसने जामसांवलीला. पोरगा वर्षातून एकदा येतो म्हणून ताईने चार दिवस आधीपासून फराळाचा घाट घातला होता. लक्ष्मीपूजन झाले, अंगणात पणत्या लागल्या, शेजारपाजारची मुले फटाक्यांसाठी गोळा झाली आणि आमचे चिरंजीव माळ्यावरच्या खोलीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. ताई दोनदा हाक मारून आली. तिसऱ्यांदा तिने जिन्यातूनच विचारले, "काहून रे, सुट्टी हाय ना तुले?" आतून उत्तर आले, "सुट्टीच आहे आई. फक्त एवढा एक बिल्ड पाहून देतो."

बिल्ड म्हणजे काय, ते मला त्या रात्री समजले. हा मुलगा व्हिडिओ गेम तपासण्याचे काम करतो. परदेशातील कंपन्या खेळ तयार करतात. पुण्यातील त्याच्या कार्यालयात पंचवीस-तीस तरुण तो खेळ अर्धवट अवस्थेत असताना पुन्हा पुन्हा खेळून त्यातल्या चुका शोधतात. एकाच भिंतीवर पाचशे वेळा उडी मारायची आणि पाचशे एकाव्या वेळी पात्र भिंतीत रुतले, की त्याची नोंद करायची. दुरुस्त केलेला खेळ तिकडून येतो त्याला बिल्ड म्हणतात. तो येतो तेव्हा अमेरिकेत सकाळ असते आणि आपल्याकडे दिवेलागण झालेली असते. खेळ बाजारात यायची तारीख जवळ आली, की शेवटचे तीन-चार महिने घरी जाण्याला ठरलेली वेळ राहत नाही. त्या धंद्यात या काळाला 'क्रंच' म्हणतात. दाढेखाली काही कडकडा फोडावे, तसा हा शब्द आहे. फुटते काय, ते सांगायला नको.

मी इतिहासाचा विद्यार्थी. शाळेत हिंदीतून शिकवतो, घरी मराठीत वाचतो. आपल्या सीमाभागातील बहुतेक घरांची हीच तऱ्हा आहे. त्या रात्री भाच्याच्या खोलीतला निळा उजेड पाहून मला आठवले ते माझे आजोबा, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेला नागपूरच्या एम्प्रेस मिलचा भोंगा.

आजोबा साधारण १९३१ च्या सुमारास, वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, जामसांवली सोडून नागपूरला गेले. कापूस पडेल भावाने जात होता, घरी चार भाऊ आणि जमीन तेवढीच. नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर आणि तेव्हा ते आपल्याच प्रांताचे राजधानीचे शहर. आज छिंदवाडा, सौंसर, पांढुर्णा म्हटले की भोपाळकडे तोंड करावे लागते. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानीसुद्धा नागपूरच होती. तेव्हा आपल्या भागातील माणूस पोटासाठी नागपूरला गेला म्हणजे परमुलखात गेला असे कोणी मानत नसे. ती सीमा पुढे आली.

एम्प्रेस मिलचा जन्म १ जानेवारी १८७७ चा. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले, म्हणून गिरणीचे नाव 'एम्प्रेस'. जमशेदजी टाटा यांनी मुंबईचा मोह सोडून नागपूर निवडले ते मोठ्या विचाराने. कापूस दारात, वरोऱ्याचा दगडी कोळसा जवळ, आणि रेल्वे आलेली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढून त्यांनी गिरणी उभारली. व्यवस्थापक म्हणून आणले बेझनजी दादाभाई मेहता यांना. ते रेल्वेच्या माल खात्यातले. कापडाचे ज्ञान शून्य, पण माणसे हाताळण्याचे कसब मोठे.

या गिरणीविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली अशी, की गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून तेथे विणकरांनी काम बंद केले. हिंदुस्थानातल्या गिरण्यांमधील अगदी सुरुवातीच्या संपांत त्याची गणना होते. दुसरी अशी, की मजुरांच्या हिताच्या बाबतीत ही गिरणी देशाच्या कितीतरी पुढे होती. १८८६ मध्ये तेथे निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ मध्ये कामावर अपघात झाला तर भरपाई देण्याची सोय झाली. सरकारी कायद्याने ही भरपाई यायला १९२३ साल उजाडावे लागले. गिरणीत हवा थंड-ओलसर ठेवणारी यंत्रे बसवली, आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले. कामगारांच्या कुटुंबांसाठी खेळांचे दिवस, बक्षिसे, घड्याळे, सोन्याच्या साखळ्या! नागपूरच्या जुन्या माणसांना अजून या गोष्टींचे अप्रूप आहे, आणि ते असायलाही हवे.

हे सगळे का सुरू झाले, तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या वर्षांत कोणत्याही दिवशी पाचातला एक मजूर गैरहजर असे. दुसरा मालक असता तर दंड केला असता. जमशेदजींनी दंडाऐवजी ओढ लावायचे ठरवले. मजूर आळशी म्हणून येत नाही, असे लिहिणारे साहेबलोक पुष्कळ होते. पण आमच्या आजोबांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, की पेरणीला भावाला हात हवा होता, पोळ्याला बैल सजवायचे होते आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार होती. त्या दिवशी सौंसर-पांढुर्ण्याचा मजूर खात्यात शोधून सापडत नसे, असे ते हसत सांगत. ज्याला साहेब दांडी म्हणत होता, ते त्या माणसाचे उरलेले आयुष्य होते.

पण या सर्व सोयींच्या यादीत एक गोष्ट शोधूनही सापडत नाही. ती म्हणजे तास. निधी आला, बक्षीस आले, हवा थंड झाली; परंतु दिवस किती वाजता संपेल, हा प्रश्न कोणत्याच मालकाने आपण होऊन सोडवला नाही. त्या काळच्या सर्व गिरण्यांत दिवस उजेडाने मोजला जाई. पहाटे दिसू लागले की यंत्र सुरू, दिसेनासे झाले की बंद. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास, हिवाळ्यात दहा-अकरा. सूर्य हाच एकमेव कारखाना निरीक्षक.

तासांचा प्रश्न सुटला तो मुंबईत, आणि तो ज्याने पुढे रेटला त्या माणसाचे नाव माझ्या शाळेतील मुलांना ठाऊक नाही. खरे सांगायचे तर एम. ए. होईपर्यंत मलाही ते नीट ठाऊक नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. शिक्षण बेताचे. रेल्वे, टपाल अशा नोकऱ्या करून मुंबईच्या मांडवी भागातील एका गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. गिरणीच्या आत बसून त्यांनी जे पाहिले ते विसरू शकले नाहीत. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे वृत्तपत्र १८८० मध्ये मुंबईला नेऊन लोखंडे ते चालवू लागले.

त्या वेळची परिस्थिती मोठी चमत्कारिक होती. १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. त्यात काय होते? सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये. सात वर्षांचे मूल! आपल्याकडे दुसरीत असते. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या तासांविषयी कायदा मुका होता. आणि एवढ्या तोकड्या कायद्यालाही आपल्या राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांचा विरोध होता. पुण्याचा 'मराठा' त्यात होता, हे सांगताना इतिहासाच्या शिक्षकाची जीभ थोडी अडखळते. त्यांचा संशय अगदीच खोटा नव्हता: लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपत होती, आणि हिंदी मजुरांविषयीचा त्यांचा कळवळा त्यातून आलेला होता. पण परक्याचा हेतू वाईट म्हणून आपल्या मजुराचे चौदा तास चांगले ठरत नाहीत. हे त्या काळी मराठीत स्पष्टपणे लिहिणारे थोडे होते, आणि त्यांत 'दीनबंधु' होता.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सरकारने नेमलेल्या आयोगापुढे मांडण्यासाठी मागण्या ठरल्या. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. काम करताना इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार मिळावा, कायमचे अपंगत्व आले तर पोटाची सोय व्हावी. या अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या.

वाचकांनी 'सूर्यास्त' या शब्दापाशी जरा थांबावे, अशी माझी विनंती आहे. आठ तास मागण्याचे धाडससुद्धा तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. मागितला तो फक्त निसर्गाने आधीच घालून दिलेला शेवट.

त्याच वर्षी लोखंड्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली. तिला वर्गणी नव्हती, घटना नव्हती, सभासदांची यादी नव्हती. म्हणून ती खरी कामगार संघटनाच नव्हे, असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. आपण फक्त पुढे काय झाले ते पाहावे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. १८९० मध्ये भर सभेत बोलणाऱ्या या गिरणीतल्या बाया कोण असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

रविवारच का, याविषयी एक कथा सांगितली जाते. लोखंडे म्हणाले, सहा दिवस माणूस मालकासाठी राबतो, एक दिवस त्याला समाजासाठी मिळावा. आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीच मिळत होता, तो साहेबाच्या चर्चमुळे. गिरणीला मिळाला तो सह्यांमुळे. (लोखंडे आमच्या जामसांवलीचे असते तर मंगळवार किंवा शनिवार मागून बसले असते! पिंपळाखाली पहुडलेल्या आमच्या हनुमंताच्या दर्शनाला त्या दोन वारी जी गर्दी लोटते, ती पाहिलेल्यांना हे पटावे.)

पुढच्याच वर्षी १८९१ चा कायदा झाला. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास त्यात आला. स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आली. मुलांचे किमान वय नऊ झाले. प्रौढ पुरुष मात्र तसाच मोकळा राहिला, म्हणजे त्याला राबवून घ्यायला मालक मोकळा राहिला. लोखंड्यांना १८९५ मध्ये रावबहादुर ही पदवी मिळाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईच्या प्लेगात त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आत. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

ते गेल्यानंतर आठच वर्षांत त्यांनी मागितलेला सूर्यास्त गिरणीतून नाहीसा झाला. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी होती; आता अंधार पडला तरी साचे थांबवायचे कारण उरले नाही. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास काम चालू लागले. मजुरांत असंतोष उसळला, वृत्तपत्रांत ओरड झाली, सरकारने १९०६ मध्ये समिती आणि १९०७ मध्ये आयोग नेमला. त्यातून १९११ चा कायदा आला आणि कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाच्या दिवसाला प्रथमच कायद्याची मर्यादा पडली. ती होती बारा तास. सूर्य गेला, म्हणून घड्याळ आणावे लागले.

यानंतरची पायरी पटपट उतरता येते. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने आठ तासांचा दिवस ठरवला, पण हिंदुस्थानला वेगळी सवलत देऊन आठवड्याला साठ तास ठेवले. ते १९२२ च्या कायद्यात आले. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ झाले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तो पक्का केला आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला.

या सगळ्या कलमांचा अर्थ मला आजोबांनी एका वाक्यात सांगितला होता. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ते तेव्हा गिरणी सोडून गावी संत्र्याची बाग पाहत होते. म्हणाले, "एक तास कमी झाला ना बापू, त्या पहिल्या दिवशी भोंगा झाला आन् आमी फाटकाबाहेर आलो, तं उजेड होता. कोनी घरी गेलंच नाही. उभेच राह्यले सगळे. उजेडाचं करायचं काय, तेच समजे ना." पुढे त्या तासात ते नागपूरच्या एका वाचनालयात जाऊन अक्षर ओळखायला शिकले. माझ्या घरातील पहिले पुस्तक त्या तासातून आले आहे. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली, राज्य महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. गिरणीच्या जागेवर आज मोठे व्यापारी संकुल आहे.

आता भाच्याच्या धंद्याकडे वळतो. त्याचाही इतिहास आता चार-पाच दशकांचा झाला असून तो फार बोलका आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतील अटारी या कंपनीने 'ई. टी.' या गाजलेल्या चित्रपटावर खेळ काढायचे ठरवले. करार जुलैत झाला. नाताळच्या बाजारात माल हवा, म्हणजे खेळ सप्टेंबरच्या आरंभी तयार हवा. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या तरुणाने तो पाच आठवड्यांत लिहिला. कार्यालयातून घरी जाण्यात वेळ जातो म्हणून त्याच्या घरीच एक यंत्र बसवून दिले होते. खेळ लोकांना आवडला नाही. न खपलेली हजारो खोकी १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरली गेली. ही दंतकथा असावी असे पुष्कळांना वाटे. २०१४ मध्ये उकरून पाहिले तर खोकी खरोखरच निघाली. वॉर्शॉ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला.

आणि २००४ मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. लिहिणारी होती एका खेळ-कंपनीतील कर्मचाऱ्याची होणारी पत्नी. नाव लपवून तिने महाजालावर लिहिले. कंपनी होती इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, त्या क्षेत्रातील सर्वांत मोठ्यांपैकी एक. पत्रातील हकिगत अशी: आधी आठवड्याचे सहा दिवस आठ तास, मग सहा दिवस बारा तास, मग सातही दिवस सकाळी नऊ ते रात्री दहा, क्वचित शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुटका. जादा पैसा नाही, बदली रजा नाही. आठवड्याला सुमारे ८५ तास होतात, असा हिशेब तिनेच मांडला होता. तिचे नाव एरिन हॉफमन, हे दीड-दोन वर्षांनी उघड झाले.

मास्तराची सवय म्हणून मी कागदावर दुसरा हिशेब मांडला. लोखंड्यांनी १८८४ मध्ये जे मागितले ते मान्य झाले असते, तर सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, वजा अर्धा तास, गुणिले सहा दिवस. आठवड्याला ८५ तासांहून बरेच कमी. म्हणजे परळच्या मजुराने एकशेवीस वर्षांपूर्वी जेवढ्यावर समाधान मानले असते, त्याहून पुष्कळ जास्त काम कॅलिफोर्नियातील पदवीधर अभियंता २००४ मध्ये करत होता. तोही व्यायामशाळा, खेळाची मैदाने, उत्तम उपाहारगृह अशा सर्व सोयी असलेल्या आवारात. सोन्याची साखळी आहे, सूर्यास्त नाही.

तेथे न्यायालयात दावे झाले. कंपनीने चित्रकारांच्या दाव्यात १ कोटी ५६ लाख डॉलर आणि प्रोग्रामरांच्या दाव्यात १ कोटी ४९ लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि काही पदांना जादा कामाचा मोबदला लागू झाला. म्हणून प्रश्न संपला असे नाही. २०१८ मध्ये रॉकस्टार कंपनीचे एक संस्थापक मुलाखतीत शंभर तासांच्या आठवड्यांविषयी बोलून गेले. हे फक्त लेखन करणाऱ्या चार वरिष्ठांचे आणि तीन आठवड्यांपुरते होते, असा खुलासा त्यांनी नंतर केला. मूळ बोलण्यातला सूर मात्र अभिमानाचा वाटला होता.

आपल्याकडेही तोच सूर ऐकू येऊ लागला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांच्या तोंडून नव्वद तास निघाले. या दोन्हींच्या मध्ये, २०२४ च्या जुलैत, पुण्यात एका मोठ्या हिशेब-तपासनीस संस्थेत नोकरीला लागून चारच महिने झालेली सव्वीस वर्षांची मुलगी मरण पावली. कामाच्या भाराने ती खचली, असे तिच्या आईने पत्र लिहून कळवले. संस्थेने ते मानले नाही. केंद्र सरकारने चौकशी जाहीर केली. राज्याच्या कामगार खात्याची माणसे त्या कार्यालयात गेली तेव्हा दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्याची नोंदणीच झालेली नव्हती, असे वृत्तपत्रांत आले. मला त्या बातमीतली हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. निरीक्षकाच्या वहीत जागाच नसेल, तर तास मोजणार कोण?

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या त्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दर आहे. पण देखरेखीच्या, व्यवस्थापनाच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना तो लागू नाही. आणि हल्ली तिसऱ्या वर्षीच प्रत्येकाच्या पाटीवर 'लीड' किंवा 'मॅनेजर' असे काहीतरी लागलेले असते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने आठवड्याचे ४८ तास राखून कारखान्यातील दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने-कार्यालयांतील दहापर्यंत वाढवण्याला मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाने अधिनियम त्यांच्या पोटात गेला. आठवड्याचा ४८ हा आकडा अजून टिकून आहे. बारा हा आकडा मात्र १९११ नंतर मी पुन्हा पाहिला आणि जरा दचकलो, हे कबूल करतो.

भाऊबीजेच्या दुपारी भाचा आणि मी मंदिराकडे पायी निघालो. वाटेत त्याला हे सगळे सांगत होतो. त्याची तक्रार अशी काही नव्हती. "मामा, कंपनी वाईट नाही हो. नऊच्या पुढे थांबलो तर जेवण देतात, दहाच्या पुढे घरी सोडायला गाडी असते. टेबल टेनिस आहे, डॉक्टर येतात, विमा आहे."

"आणि सातला निघालास तर?"

तो हसला. "सातला कोणी निघत नाही."

"नियम आहे तसा?"

"नियम नाही. पण सगळे बसलेले असतात ना."

मी त्याला एम्प्रेस मिलच्या निवृत्तिनिधीची आणि खेळांच्या दिवसांची गोष्ट सांगितली. पणजोबा त्याच गिरणीत होते, एवढेच त्याला माहीत होते. फाटकाबाहेर उजेडात उभ्या राहिलेल्या माणसांविषयी त्याने काही ऐकले नव्हते. जाम नदीच्या काठाने आम्ही थोडा वेळ चाललो. त्याचा फोन खिशात दोन-तीनदा थरथरला. एकदा त्याने काढून पाहिला आणि पुन्हा ठेवला.

परत येताना त्याने अचानक विचारले, "मामा, ते साडेपाच हजार लोक. त्यांच्या सह्या कशा गोळा केल्या असतील? फोन नाही, काही नाही. आणि बहुतेकांना लिहिता तरी येत होतं का?"

"अंगठे असतील," मी म्हणालो. "चाळीतून चाळीत जाऊन घेतले असतील."

"रविवार तर तेव्हा नव्हता. म्हणजे सूर्यास्तानंतरच गेले असतील."

ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. घरापर्यंत तो पुढे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची नागपूरची बस होती. ताईने चकल्यांचा डबा बांधून दिला. डबा पिशवीत ठेवताना त्याने मला विचारले, त्या सुपारीबागेच्या सभेविषयी मराठीत कुठे वाचायला मिळेल.